दोन दातांचा पुरावा

परिषद ग्रंथांच्या इतिहासावर होती, आंतरराष्ट्रीय होती, आणि तिथे पाळणाघराची पाटी होती पण पाळणाघर नव्हतं. म्हणून आठ महिन्यांची चिमणी आईबापांच्या कडेवर आलटून पालटून. आईचा निबंध होता जुन्या पुस्तकांवरच्या बाळखुणांवर: रेघोट्या, डाग, फाटलेले कोपरे. विभागप्रमुखांनी बजावलं होतं, "निबंध गाजला तर नोकरी कायम. नाहीतर आहेच दर वर्षी तुझं कंत्राट आणि माझी मिनतवारी."

सत्राआधी नवरा पाणी आणायला गेला आणि तेवढ्यात घात झाला. ती दाखवायला आणलेलं दीडशे वर्षांपूर्वीचं मुलांचं पुस्तक टेबलावर मांडत होती. कडेवरची चिमणी वाकली आणि पुठ्ठ्याचा कोपरा थेट तोंडात! नुकतेच फुटलेले दोन दात शिवशिवत होतेच. तिच्या मनात आधी पुस्तक आलंच नाही. जुन्या रंगात विष असतं म्हणतात! बोट घालून तोंड साफ केलं, जीभ तपासली, मग पुठ्ठा पुसला. कोपऱ्यावर शेजारी शेजारी दोन खळगे.

"गप बस," परत आलेला नवरा चिमणीला घेत बायकोला म्हणाला. "एवढं बारीक कोण बघतंय?"

निबंध संपताच सत्राच्या अध्यक्षांनी बघितलं. परदेशातले मोठे प्राध्यापक ते, भिंग घेऊन ओणवे झाले. "मॅडम! हे निबंधात का नाही घेतलंत? दातांच्या खुणा! दीडशे वर्षांपूर्वीचं बाळ पुस्तक चाखतंय!"

सभागृह टाळ्यांनी दणाणलं. पहिल्या रांगेतले विभागप्रमुख नातू झाल्यासारखे फुलले.

तिने मनाशी हिशेब केला. मूग गिळावेत तर नोकरी पदरात. पण उद्या कुणी खोलात गेलं, तर आहे तीही जायची. तिने माइक ओढला.

"सर, त्या खुणा माझ्या मुलीच्या आहेत. आत्ताच्या. कोपरा अजून ओला असेल बघा."

अध्यक्षांनी बोट लावलं. "ओलसर आहे खरा. जुना पुठ्ठा दमट होतोच." मग एकदम चमकले. "मुलगी इथे आहे?"

चिमणी हातोहात पुढे आली. कुणी हात धुतलेत आणि कुणी नाही, हे आई बघतच राहिली. एवढ्या दाढ्या पाहून चिमणीने भोकाड पसरलं आणि अध्यक्षांनी ती संधी साधून दातांजवळ पट्टी धरली.

"तंतोतंत! तेच अंतर, तोच तिरकेपणा! म्हणजे दीडशे वर्षांत बाळाचा जबडा तसूभर बदललेला नाही!"

"अहो, बदलेल कसा? बाळ तेच आहे!"

पण टाळ्यांत कुणाला काय ऐकू येणार?

चहाच्या वेळी विभागप्रमुखांनी गाठलं. "कायम झालीस समज. छापायला देताना ते मुलीचं वाक्य तेवढं गाळ."

"पण सर, खरं तेच आहे."

"असेल गं. पण आधार काय त्याला?"

"मी पाहिलं ना! माझ्या कडेवर होती ती."

"पाहिलं काय, कुणीही म्हणेल." त्यांनी बिस्किट बुडवलं. "छापलंय का कुठे?"