भोंग्यातली झुंबरबाई

"आली! झुंबरबाई आली!" म्हणत जेवणाच्या सुट्टीत अख्खी कंपनी भोंग्याखाली गोळा झाली. वडीगोद्रीच्या अलीकडं हायवेला लागून असलेली ही बियाण्याची कंपनी. हमालांना, ड्रायव्हरांना हाका मारायला तिथं भिंतीभिंतीवर भोंगे. मेलेली झुंबरबाई गेले पंधरा दिवस त्यातून कण्हत होती. आधी खरखर, मग बाई विव्हळावी तसा लांबलचक आवाज.

झुंबरबाई गोण्या शिवायची. गोण्यांची थप्पी अंगावर कोसळून ती गेली आणि तिच्या विजेच्या शिलाई मशीनवर नंदाबाईला बसवलं. नंदाबाईनं पायडल दाबलं की भोंगा विव्हळायचा, पाय काढला की गप्प. एवढा पुरावा लोकांना बास झाला. हिनं तिची जागा खाल्ली, म्हणून मेलेली हिच्या अंगात शिरली! थप्पी वाकडी कुणी रचायला लावली, हे मात्र कुणी विचारलं नाही. त्यासाठी सुपरवायझर सोमेश्वरसाहेबांच्या तोंडाकडं बघावं लागलं असतं ना!

साहेबांनीच राजानंद महाराजांना आणलं. हा महाराज तीन वर्षांमागं स्टँडवर मोबाइलची कव्हरं विकायचा, आता आत्मे काढतो. धंदा बदलला, बडबड तीच.

"बाईच्या बॉडीत आत्म्याचं नेटवर्क फुल हाय! मंगळवारी हाताला डाग दिला तरी हटंना. आज जिभंला देतो. जिथून बोलती तिथंच बंद!"

कँटीनच्या चुलीत विळा तापत होता. नंदाबाई मशीनपुढं बसलेली. उजव्या तळहातावर फोड, मिरच्यांच्या धुरीनं डोळे सुजलेले. आणि सगळ्यात वाईट काय, सांगू? तिला आता स्वतःलाच पटायला लागलं होतं. काल तिनं लेकीला जवळ घेतलं नाही. आपल्यातली झुंबरबाई पोरीला लागली तर? आईला असं भ्यायला लावणाऱ्यांचं वाटोळं होवो.

"शिव!" महाराज गरजले.

तिनं पायडल दाबलं. भोंगा विव्हळला. बायांनी हात जोडले, दोघींनी पुढं होऊन तिचे केस धरले.

"थांबा!" जालन्याहून दुरुस्तीला आलेली वायरमन तृप्ती सकाळपासून भोंग्यांची वायर धुंडाळत होती. ती शिडीवरून उतरली. "महाराज, आत्मा या बाईच्या अंगात हाय, मशीनमधी न्हाई. बराबर?"

"बिलकुल!"

"मंग तिच्या जागी तुम्ही बसा. भोंगा गप राहील."

महाराज दचकले. "आम्ही संन्यासी माणूस. गोण्या शिवत न्हाई."

"शिवू नका. नुसता पाय ठेवा."

सगळे बघत होते. नाइलाजानं महाराजांनी पायडलवर पाय ठेवला. भोंगा असा विव्हळला की त्यांच्या हातातली माळ खाली पडली.

मग अंगद हमाल ओरडला, "आरं, झुंबरबाई महाराजात घुसली!"

झालं! ज्या हातांनी नंदाबाईचे केस धरले होते, त्याच हातांनी महाराजांच्या जटा धरल्या. कुणी मिरच्या आणायला पळालं, कुणी विळा उचलला.

"अहो सोडा! भूतबित काय नसतं!" महाराज किंचाळले. तीन वर्षांत पहिल्यांदा खरं बोलले.

तृप्तीनं विळा हिसकावून पाण्याच्या बादलीत टाकला. "अक्कल गहाण टाकली का समद्यांनी? अपघातानंतर हे मशीन भिंतीकडं सरकवलं. त्याखाली ऑफिसातल्या माईकची वायर दबली. वायरीवरची जाळी बाहेरची खरखर अडवती, तीच तुटली. अन् मशीनच्या मोटारीतले कार्बनचे तुकडे झिजलेत, मोटार फिरली की ठिणग्या उडतात. ती खरखर उघड्या वायरीत शिरती अन् भोंगा ती मोठी करून ओकतो. हीच तुमची झुंबरबाई!"

तिनं नवी वायर मशीनपासून लांबून ओढली, कार्बन बदलले आणि पायडल दाबलं. मशीन धडधडलं. भोंगा गप्प.

"अजून हाय का कुणी कुणाच्या अंगात?"

सोमेश्वरसाहेबांनी घसा खाकरला. "नंदाबाई, झालं गेलं विसरा. बसा कामाला."

नंदाबाई बसली नाही, ती सरळ ऑफिसातल्या माईकपुढं गेली. फोड आलेल्या हातानं तिनं बटण दाबलं. सगळ्या भोंग्यांतून तिचा आवाज लख्ख आला.

"ऐकू येऊन राह्यलं का बराबर? मंगळवारी डाग दिला तवा मी रडले. भोंग्यातून न्हाई, तुमच्या म्होरं, ह्या तोंडानं. ते एकालाबी ऐकू आलं न्हाई. मोटारीच्या खरखरीत मात्र तुम्हाला बाई रडताना ऐकू आली! मशीन बिघडलं तर मशीन उघडा, वायर बघा, डोकं चालवा. बाई जाळू नका. आता मी ठाण्यात चालले. माझे केस धरणाऱ्या दोघींनी साक्षीला यावं."