ऑगस्टा बेल गाळात बसली त्या दुपारी

माझी धाकटी बहीण रायना सवाना शहरात तापानं गेली. तिला घरी आणायला मी आगबोटीत पाय ठेवला, तो तीन वर्षांत पहिल्यांदा.

आगबोट काही माझ्यापासून लांब नव्हती. ‘ऑगस्टा बेल’ आठवड्यातून दोनदा आमच्या हार्प बेटाला लागते, माझ्या दारातून हाक मारली तर ऐकू जाईल एवढ्या अंतरावर. तिची शिट्टी झाली की मी चुलीवरचा भात उतरवते. पण चढले नाही. रायनानं माझ्या शब्दाबाहेर जाऊन शहरातल्या एका शिंप्याशी लग्न लावलं, तेव्हाच मी सांगून टाकलं होतं, तिला भेटायचं असेल तर तिनं यावं. ती म्हणाली, आक्काला भेटायचं असेल तर आक्कानं यावं. दोघी एकाच आईच्या. बोटीची चाकं पाणी घुसळत जायची, यायची, आणि आम्ही आपापल्या काठावर.

आता उगाच साळसूदपणा करत नाही. मी नुसती रायनाला आणायला गेले नव्हते. तिची आठ महिन्यांची पोर होती, सूकी. ती मला हवी होती. मी सात पोरं जन्माला घातली, त्यातली पाच जगवली, बेटावरच्या निम्म्या माणसांची नाळ मी कापली. बायको गेलेला शिंपी कात्री-सुयांच्या एका खोलीत रांगतं मूल कसं वाढवणार?

आणि ते मी भांडून घेणार नव्हते. आमच्याकडे आई गेली की तिचं अंगावरचं मूल मयताच्या पेटीवरून पलीकडे द्यावं लागतं. नाही दिलं तर आई ओढीनं परत येते आणि मुलाला घेऊन जाते. एकानं अलीकडून द्यायचं, दुसऱ्यानं पलीकडून घ्यायचं, आणि घेणाऱ्यानं नाव घेऊन मेलेलीला सांगायचं, की पोर आता माझ्याकडे आहे, तू जा. पलीकडे ज्याच्या हातात गेलं, त्याचं ते मूल. त्यावर बेटावर कुणी ब्र काढत नाही, पाद्रीसुद्धा नाही. लेम्युएलला, म्हणजे त्या शिंप्याला, हे शेवटचं काही ठाऊक नव्हतं. मी त्याला एवढंच सांगितलं, "पुरायच्या आधी मूल पेटीवरून द्यायचं असतं. तू दे, मी घेते."

"रायना पण जाताना असंच काहीतरी म्हणत होती," तो म्हणाला. "तुम्ही सांगाल तसं करू, आक्का."

एवढा सरळ माणूस. मला रागच आला.

शुक्रवारी सकाळी पेटी घेऊन सवानाहून निघालो. वरच्या डेकवर गोरी माणसं, वेताच्या खुर्च्या आणि पियानो. खाली आम्ही बेटावरची तीस-चाळीस माणसं, पिठाची पिंपं, खताची पोती, कोंबड्यांचे पिंजरे आणि एक खेचर. पेटी दोन खोक्यांवर ठेवली होती, डाव्या चाकाजवळ, तिथं सावली असते. पाण्याच्या बाजूला मी बसले, अलीकडे पोरीला घेऊन लेम्युएल. चाकाच्या फळ्यांवरून उडालेले थेंब पेटीवर पडायचे, आणि हा दर थोड्या वेळानं उठून ते बाहीनं पुसायचा.

"पुसू नकोस रे," मी म्हटलं. "खाडीचं पाणी आहे. तिला त्याची सवय आहे. तुझ्या त्या नळाच्या पाण्याची नव्हती."

"नळाच्या पाण्याला तिनं कधी नावं ठेवली नाहीत."

"तुला कशाला सांगेल? मला सांगितलं असतं."

त्यावर त्याला बोलता आलं असतं. तीन वर्षं कुठं होतात, एवढं तरी. तो उठला आणि पुढचे थेंब पुसले.

सुकाणूवर टायटस होता. आमच्याच बेटाचा. वीस वर्षं याच खाड्यांतून आगबोट नेतोय. टोपी कप्तानाच्या डोक्यावर, खाडी टायटसच्या डोक्यात. ओक पॉइंटच्या वळणावर काठालाच जुनं कब्रस्तान आहे, टायटसची आई तिथंच पुरलीय. आमची रीत अशी, की मढं घेऊन जाताना दुसऱ्यांच्या कबरींपुढून गडबड करत जायचं नाही. चालत असलो तर थांबतो, वल्हवत असलो तर वल्ही वर घेतो. तीन श्वास घ्यायचे आणि पुढं जायचं. होडीला ते चालतं. एवढ्या धुडाला, भर ओहोटीत, वळणावर? टायटसला हे माझ्याहून जास्त कळतं. तरी त्यानं वरून इंजिनाला घंटी दिली आणि दोन्ही चाकं थांबली.

एकदम सगळं शांत झालं. खालच्या डेकवर पुरुषांनी टोप्या काढल्या. एक, दोन, तीन. पुन्हा घंटी झाली, चाकं फिरली, पण तोवर ओहोटीनं बोटीचं नाक बाजूला ओढलं होतं. मळलेल्या पिठात मूठ रुतावी तसं पायांखाली जाणवलं, आणि आम्ही बसलो गाळात. कप्तानानं चाकं उलटी फिरवायला लावली. काळा चिखल उडाला, तो थेट वरच्या डेकवरच्या एका बाईच्या पांढऱ्या झग्यावर. त्या दिवसात तेवढंच काय ते बघण्यासारखं झालं.

"चाकं का थांबवलीस?" वरून कप्तान ओरडला, तो खेचरालाही ऐकू गेला.

"ओंडका होता, साहेब."

"कुठाय ओंडका?"

"गेला, साहेब. ओंडके वाहतात."

खलाशांनी माना खाली घातल्या आणि दोर गुंडाळायला घेतले. जरा वेळानं टायटस खाली चाक बघायला आला, तो माझ्यापुढं येऊन उभा राहिला.

"चुकलं, मिंडाक्का. पाच तास तरी हलत नाही आता."

"रीत बरोबर, वेळ चूक. तुझी आई असती तर तिनं तुझी टोपी हिसकावून तुझ्याच टाळक्यात हाणली असती."

"म्हणून तर तिच्यापुढं थांबलो," तो म्हणाला. मग मीच त्याला रताळं दिलं.

दुपार चढली. पाणी उतरलं, दोन्हीकडचं खाजण उघडं पडलं, शिंपल्यांचा आणि चिखलाचा वास सुटला. सूकीची दुधाची बाटली तीन तासांच्या हिशेबानं भरलेली. उरलेलं दूध नासलं आणि पोरीनं टाहो फोडला.

"दे इकडे," मी म्हटलं. माझ्याकडे डब्यात मऊ भात होता. बोटांनी कुस्करला, तिच्या ओठांना लावला. तिनं तो माझ्या काळ्या झग्यावर थुंकला. पुन्हा लावला, पुन्हा थुंकला. कमान करून मागं पडायला लागली. आणि हे सगळं अख्ख्या बेटासमोर, माझ्या हातात!

शेजारी फीबीकाकू कोंबड्यांच्या पिंजऱ्यावर बसली होती. आमच्यात वयानं सगळ्यांत मोठी, आणि तोंडानंही. "मिंडा, पोर तुला ओळखत नाही गं."

"भुकेला ओळख लागत नाही."

"हिला लागते, बघ."

तेवढ्यात लेम्युएलनं गाठोडं सोडलं. आतून एक फडकं काढलं, त्या फडक्यातून निळा ॲप्रन. रायनाचा. तो त्यानं स्वतःच्या कमरेला बांधला, भर डेकवर, सगळ्यांदेखत.

"काय शिंपीबुवा, स्वयंपाकाला लागलात?" पिंपांवरून कुणीतरी ओरडलं.

"त्यावर झगा शिवायला वेळ मिळाला नाही वाटतं!"

"शिवलाय," लेम्युएल मान वर न करता म्हणाला. "घरी राहिला."

सगळे हसले. त्यानं माझ्याकडून पोरगी घेतली आणि पोत्यावर बसला. सूकीनं त्या ॲप्रनमध्ये तोंड खुपसलं. दोन हुंदके दिले, मग नुसतं हुंगत राहिली.

"आक्का, भात द्या."

मी डबा दिला. तो चिमटीत चार शितं घ्यायचा, दाबायचा आणि गिऱ्हाइकाशी बोलावं तसं बोलायचा, "बाईसाहेब, जरा तोंड उघडा. माप घ्यायचंय." आणि ती उघडायची! डबाभर भात खाल्ला तिनं. हसणारे माना पुढं काढून बघायला लागले.

"धुतलेला नाही तो," मी ॲप्रनकडे बोट दाखवून म्हटलं.

"नाही. ती अंथरुणाला खिळली त्या दिवशी तिनं काढून ठेवला होता. वास उडू नये म्हणून गुंडाळून ठेवतो. खायच्या वेळेलाच काढतो." मग पोरीचं तोंड पुसत म्हणाला, "वास गेल्यावर काय करायचं, ते अजून सुचलं नाही मला."

"घाणेरडा आहेस," मी म्हटलं, आणि झग्यावरची शितं वेचायला लागले.

फीबीकाकूला गप्प बसवत नाही. "मी सांगते बोट का अडलीय," ती म्हणाली. "ही रायना अडवतेय. आईचा जीव पोरीत अडकलाय. द्या पेटीवरून, इथंच, आत्ता."

"ओहोटी आहे म्हणून अडलीय. खेचराला कळतं, ते बघ कसं गप उभं आहे. तुला कळत नाही."

पण तिचं बघून बाकीच्या बायाही बोलायला लागल्या. द्या, द्या. मला हे बेटावर करायचं होतं, माझ्या सुना, माझे लेक भोवती उभे असताना. फीबीकाकूनं डोळे बारीक केले. "घरी जायची वाट कशाला बघायची? रीत ती रीत. की तुला तुझी माणसं पाठीशी हवीत?"

लेम्युएल उठला. "करू या, आक्का. तिच्या जिवाला शांत वाटेल. मी कुठं उभा राहू?"

डेकवरच्या प्रत्येकाला ठाऊक होतं, कोण कुठं उभं राहतं त्यावर काय ठरतं. एक त्यालाच ठाऊक नव्हतं. फीबीकाकूनं तोंड उघडलं, माझ्याकडं बघितलं आणि मिटलं. कुणीही त्याला सांगणार नव्हतं. माझ्याशी वैर कोण घेईल? मी पाण्याच्या बाजूलाच उभी होते. नुसता हात पुढं करायचा होता.

मी वळसा घालून त्याच्या बाजूला आले. "पोर माझ्याकडं दे."

दिली. लगेच दिली.

"आता तू तिकडे जा. पाण्याच्या बाजूला."

"पण तुम्ही तर म्हणाला होतात, मी द्यायचं आणि तुम्ही..."

"मी काय म्हणाले ते मला माहीत आहे. जा. आणि तो ॲप्रन सोडू नकोस."

तो गेला. सूकी माझ्या खांद्यावर कुरकुरायला लागली होती. अंग गरम, केसांना भाताचा वास. रायना एवढी असताना मीच तिला काखेला मारून हिंडायचे.

"नीट ऐक," मी त्याला म्हटलं. "पोर हातात आली, की रायनाचं नाव घेऊन सांगायचं, पोर माझ्याकडं आहे, तू जा. एकदा बोललास की झालं. मग मी मागायला आले, पाद्री आला, कुणीही आलं, तरी पोर तुझी. दुखली-खुपली तरी तुझी. उद्या मला जमत नाही म्हणून आणून टाकायची नाही."

तो माझ्याकडं बघत राहिला. शिंप्याची जात, कापायच्या आधी दोनदा मोजणार. आधी मी काय ठरवलं होतं, ते त्याच्या ध्यानात येताना मला दिसलं.

"आक्का," तो हळू म्हणाला, "म्हणजे आधी तुम्ही..."

"हात पुढं कर. पोर जड आहे."

मी तिला उचलून पेटीवरून धरलं. तिची टाच फळीला लागली, टक्‌ आवाज झाला. त्यानं घेतलं. माझे हात जरा उशिरानं सुटले, ते फीबीकाकूनं बघितलं असणार. बघू दे.

"रायना," तो पुटपुटला. "सूकी माझ्याकडं आहे."

"मोठ्यानं बोल. जिवंतपणी तरी पहिल्या हाकेला कुठं ओ द्यायची ती!"

दुसऱ्यांदा तो ‘तू जा’ इथपर्यंत बोलला, तेव्हा वरचा पियानो थांबला.

लगेच काही बोट हलली नाही. कुणी तसं सांगत असेल तर थापा मारतंय. आणखी दोन तास आम्ही तिथंच बसलो होतो. त्या दोन तासांत मी लेम्युएलला पोरीला दात येताना काय करायचं, कान दुखला तर काय, उलटी थांबत नसेल तर काय, सगळं सांगितलं, आणि तो मापाच्या कागदावर बारीक अक्षरात लिहीत गेला. मी शाळेत एकच हिवाळा गेले. माझी अक्कल पहिल्यांदाच कागदावर बघितली. वाचता आली नाही, पण बरीच होती.

मग खाजणात पाणी शिरलं, बोट एका अंगानं उचलली गेली, टायटसनं घंटी दिली आणि चाकं पाण्यात बसली.

हार्प बेटावर धक्क्यावर सगळे उभे होते. थोरल्या सुनेनं पोरीसाठी शाल उघडूनच धरली होती. तिनं लेम्युएलला बघितलं, त्याच्या कमरेचा ॲप्रन बघितला, त्याच्या खांद्यावर झोपलेली सूकी बघितली, आणि मग माझ्याकडं वळली.

"हे काय, सासूबाई? रिकाम्या हातानं आलात?"

"रिकामे आहेत तेच बरं," मी म्हटलं. "पेटी उचलायला हात लागतात. ठेव ती शाल, आणि धर ते टोक."