चावी सांगू नकोस

"मला चावी सांगतेस? मला?" हॉस्पिटलच्या स्टुलावर बसल्या बसल्या चावीकाका उखडले. "अगं, माझ्यापुढे तोंड उघडलं नाही असं कुलूप या गावात दाखव. बँकेची तिजोरी उघडलीये मी. एका मॅनेजरला त्याच्याच बाथरूममधून सोडवलंय. आणि तू मला त्या लॅपटॉपच्या डब्याची चावी सांगणार?"

"पासवर्ड म्हणतात त्याला," कॉटवरून बायको म्हणाली. "आणि ऐकून तर घ्या. तुमच्यासाठी बोलून ठेवलंय मी त्यात, माझ्या आवाजात. तोंडावरच सांगितलं असतं, पण जन्मात कधी माझं वाक्य पुरं करू दिलंत? म्हटलं, मशीन मध्ये मध्ये बोलत नाही. तर पासवर्ड आहे..."

"नको! सांगू नकोस. उघडून दाखवतो."

ती हसली आणि भिंतीकडे वळली. घरी काही ती आली नाही.

त्यानंतर लेक राहायला आली. एका दुपारी बापलेक जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडून बसले.

"तुझा वाढदिवस टाक," काकांनी हुकूम सोडला.

लेकीनं टाकला. चुकला.

"मग माझा टाक."

"बाबा, तुमचा वाढदिवस तुम्हाला तरी माहितीये का? दाखल्यावर एक, आजी सांगायची दुसरा."

दोन्ही टाकून झाले. लग्नाची तारीख झाली. मेलेल्या मांजराचं नाव झालं. काकांनी हळूहळू मान खाली घातली. उभा जन्म त्यांनी गिऱ्हाइकांना एकच गोष्ट बजावली होती, की चावी अशी हवी की घरच्या माणसालाही अंदाज लागता कामा नये. अख्ख्या गावानं ते या कानानं ऐकलं आणि त्या कानानं सोडलं. मनावर घेतलं ते एकट्या बायकोनं.

मग काकांनी चष्मा काढला, लॅपटॉप उचलला आणि त्याला कान लावला. चांगलं कुलूप आतून बोलतं, अशी त्यांची श्रद्धा.

"आत काहीतरी फिरतंय गं," ते कुजबुजले.

"पंखा आहे तो बाबा."

तेवढ्यात पडद्यावर अक्षरं आली. लेकीनं वाचून दाखवलं, "फार वेळा चुकलं. थोड्या वेळानं प्रयत्न करा, म्हणतोय."

"आमच्या वेळची कुलुपं निदान मुकाट तरी असायची! हे उलट उत्तर देतंय."

दुसऱ्या दिवशी लेक बॅग भरता भरता म्हणाली, "मला दुपारची गाडी आहे. हा डबा त्या चौकातल्या कॉम्प्युटरवाल्याकडे न्या. आणि त्याला नीट सांगा, आत आईचा आवाज आहे म्हणून."

"कुलूपवाल्यानं कुलूपवाल्याला काय शिकवायचं?" काकांनी चपला चढवल्या. "जाताना दार नुसतं ओढून घे, आपोआप लागतं. मी स्वतः बसवलंय ते लॅच. चोराचा बाप आला तरी त्याला उघडायचं नाही. चोराचा कशाला, मलासुद्धा उघडायचं नाही."

कॉम्प्युटरवाला मधल्या वयाचा, पोट सुटलेला, टाचणीनं कुणाचा तरी कीबोर्ड कोरत बसलेला होता. माणूस आपल्या जातकुळीचा आहे, हे काकांनी टाचणीवरूनच ओळखलं.

"पासवर्ड विसरलात काका?"

"मालक विसरला नाही. मालक नाहीये."

"बरं. आत काही महत्त्वाचं?"

काकांचा चेहरा एकदम कडक झाला. चावीच्या धंद्यात हा प्रश्न विचारत नाहीत. लोकांची कपाटं उघडायची आणि दार किलकिलं झालं की तोंड फिरवायचं, हा काकांचा नेम होता. गिऱ्हाइकानं आपणहून आतलं सांगायला सुरुवात केली तरी ते थांबवायचे. आणि बायको आपल्याशी काय बोलून गेलीये, हे चौकात उभं राहून एका परक्या माणसाला सांगायचं?

"आत काय आहे त्याच्याशी तुम्हाला कर्तव्य नाही," काका म्हणाले. "डोकावायचंही नाही. उघडून द्या. बस्स."

"म्हणजे आतल्याचं काही नाही ना? नक्की?"

"एकदा सांगितलं ना!"

"मग सोपं आहे. संध्याकाळी या."

काका बाहेरच्या बाकड्यावरच बसून राहिले. मनातल्या मनात वाक्य घोटत होते. या वेळी मध्ये बोलायचं नाही. काहीही म्हणू दे, पुरं होईपर्यंत हूं का चूं करायचं नाही.

संध्याकाळी कॉम्प्युटरवाल्यानं लॅपटॉप त्यांच्यापुढे सरकवला. "घ्या. पासवर्डची कटकटच नको. सगळं पुसून नव्यानं टाकलंय. एकदम कोरा करकरीत."

पडद्यावर निळं आकाश होतं. दुसरं काही नव्हतं.

"आवाज?" काकांनी विचारलं.

"थांबा, वाढवतो." त्यानं एक बटण दाबलं. लॅपटॉप टुणकन वाजला. "ऐकलंत? खणखणीत आहे आवाज!"

काकांनी झाकण हलक्या हातानं मिटलं. दुसऱ्याच्या कामाला नावं ठेवायची नाहीत, हाही धंद्यातला नेमच.

"छान उघडलंत," ते म्हणाले.

घरी येऊन त्यांनी बेल वाजवली. चाव्यांचा धंदा केला, पण स्वतःच्या घराची चावी खिशात कधी बाळगली नाही. बेल वाजवायची, आतून "आले, आले" ऐकू यायचं, दार उघडायचं. अलीकडे लेक उघडायची. त्यांनी दुसऱ्यांदा बेल वाजवली. मग लेकीची गाडी आठवली. चावी दारामागच्या खिळ्याला होती. हत्यारांची पेटी पलंगाखाली होती.

लॅपटॉप मांडीवर घेऊन ते जिन्यात बसले. वरच्या मजल्यावर नुकतीच राहायला आलेली बाई उतरत होती, ती थबकली.

"काय झालं आजोबा? दार लागलं?"

"हो."

"अहो, मग असे बसून काय राहिलात? तो खाली मीटरच्या पेटीवर कागद चिकटवलाय बघा, कुठलंही कुलूप उघडून मिळेल म्हणून. थांबा, मी लावते त्याला."

ती खाली गेली, नंबर बघून आली आणि तिनं फोन लावला.

फोन चावीकाकांच्या खिशात वाजला.