साडेचारशे पावलांवरचा हौद

दहा पावलं

अमेरिकेतल्या जुन्या निळीच्या मळ्यावर आता शाळांच्या सहली येत, आणि तिथल्या मोठ्या घराच्या व्हरांड्यापासून दहा पावलांवर निळीचा हौद मांडला होता. प्लास्टिकचा. आत कोमट पाणी, पाकिटातला निळा रंग आणि लव्हेंडरचं अत्तर. सकाळी झाकण उघडलं की मळा दाखवणाऱ्या व्हर्नेलला मळमळायचं.

"हसा जरा, मिस व्हर्नेल," मॅनेजर हॅडली म्हणाली. "मुलं इथे मजा करायला येतात. मागच्या आठवड्यासारखं गुलामांचं पुराण पुन्हा लावलंत, तर मला दुसरं माणूस बघावं लागेल."

चौथीची पोरं रुमाल बुडवत होती. रुमाल निळा झाला की छातीवर स्टिकर: 'मी छोटा नीळवाला!' त्या घोळक्यात व्हर्नेलची नात जनायाही होती.

"आजी, काय मस्त वास गं! आपले जुने लोक रोज हेच करायचे? कसली धमाल!"

व्हर्नेलने प्लास्टिकच्या हौदावर झाकण टाकलं.

"चला रे," ती म्हणाली. "खरा हौद दाखवते."

दोनशे पावलं

"ई! कोण पादलं?"

"ज्याने विचारलं तोच!"

तीनशे

कुणी हसत नव्हतं. माश्या.

साडेचारशे पावलं

खाडीकाठी विटांचा जुना हौद. व्हर्नेलने कालच त्यात निळीचा पाला आंबत घातला होता. उन्हात जनावर मरून फुगावं तसा वास. हिरवट फेस, फेसावर माश्यांचा थर.

"मालकांना वास सोसायचा नाही, म्हणून हौद इतका लांब," व्हर्नेल म्हणाली. "आपली माणसं मात्र दिवसभर इथेच. निळं होईपर्यंत वल्ह्याने हे पाणी झोडपत. विकत घेतलेली माणसं, जाणार कुठे?"

जनायाने नाक खांद्यात खुपसून वल्हं उचललं. पाच फटके. सहा. घाण पाणी कडेने निळं व्हायला लागलं. बाहीवर शिंतोडे उडाले.

"रोज, आजी?"

"हंगामभर."

जनायाने वल्हं टाकलं. छातीवरचा स्टिकर नखाने खरवडून काढला.

तेवढ्यात हॅडली धावत आली, हातात लव्हेंडरचा फवारा. तिने तो पोरांवर, हौदावर, माश्यांवर मारला. सडकं आणि सुगंधी एकत्र झालं, आणि ते मात्र कुणालाच सोसेना. पहिली ओकली हॅडली. मग तीन पोरं.

"उद्यापासून येऊ नका," तोंड पुसत ती म्हणाली.

व्हर्नेलने कामावर घालायला दिलेला जुन्या थाटाचा झालरीचा एप्रन सोडला आणि कुंपणावर टाकला. घरी परत पायी दोन मैल, हे तिच्या आत्ता लक्षात आलं.

जनायाने तिचं बोट धरलं. "आमच्या बसमध्ये जागा आहे. पण खिडकीशी बस हं, आजी. घाण वास येतोय तुला."

"तुला पण."

"माहितीये," जनाया म्हणाली, आणि हात पुसले नाहीत.