चार ओळींची आवराआवर

मित्रांनो, मी एक जुनी आवराआवर आहे. नाव ऐकून केरसुणी डोळ्यांसमोर आली असेल, तर ती बाजूला ठेवा. माझा मुक्काम कॉम्प्युटरच्या अगदी पोटात आहे. डिस्कवरच्या फाइली उघडून देणारा जो प्रोग्राम असतो, त्याच्या तळाशी मी राहते. मी आहे जेमतेम चार ओळींची.

डिस्क उघडताना प्रोग्राम थोडी थोडी मेमरी, म्हणजे कामापुरती जागा, मागून घेतो. मध्येच काही बिघडलं की मला बोलावणं येतं. घेतलेली जागा मी परत करते, तीही उलट्या क्रमाने. शेवटी घेतलेली आधी. बूट काढल्याशिवाय मोजा निघत नाही, तसंच हे. सगळं सुरळीत चाललं तर मला कोणी विचारत नाही. खोटं कशाला बोलू, याचं मला वाईट वाटायचं.

मला लिहिणारे गृहस्थ निवृत्त झाले. पुढे कोणीतरी घाईघाईत प्रोग्राममध्ये एक नवी पायरी घातली. ती फसली की प्रोग्राम मला टाळून परस्पर बाहेर पडायचा आणि घेतलेली जागा तशीच अडकून राहायची. चांगल्या डिस्कवर ती पायरी फसतच नसे, त्यामुळे अकरा वर्षं कोणाला पत्ता लागला नाही.

मग एका एक्स-रे केंद्रातल्या ताईंच्या हाती एक दुखणाईत डिस्क आली. तिच्यात एका पोस्टमनच्या छातीचा सहा वर्षांपूर्वीचा एक्स-रे होता. आता त्याच्या फुप्फुसात गाठ दिसली होती. ती जुनीच आणि तेवढीच असेल, तर ऑपरेशन टळणार होतं. डिस्क तापली की एखाद वेळी उघडेल, या आशेवर ताई पुन्हा पुन्हा प्रयत्न करत होत्या. पण तिसाव्या प्रयत्नाला कॉम्प्युटरच मान टाकायचा. तो बंद करून चालू केला की डिस्क पुन्हा थंड.

"वहिनी, मशीनच बदलावं म्हणते मी," त्या आपल्या भावजयीला म्हणाल्या. वहिनी असलेच प्रोग्राम लिहायच्या. त्यांनी तासभर एकेक ओळ वाचली.

"मशीन धडधाकट आहे हो ताई. हा प्रोग्राम दर वेळी जागा घेतोय आणि परत द्यायचं नाव नाही. तिसाव्या वेळी जागाच संपते. खाली आवरायच्या ओळी आहेत की चांगल्या. पण इथून तिकडे कोणी जातच नाही."

वहिनींनी ती वाट माझ्याकडे वळवली आणि दुरुस्त प्रोग्राम बसवला. मग मी राबले. तीस झाले, चाळीस झाले, साठ झाले. कॉम्प्युटर हूं की चूं न करता चालत राहिला. त्रेसष्टाव्या वेळी डिस्क उघडली. मला बोलावणं आलं नाही आणि आयुष्यात पहिल्यांदाच मला त्याचा आनंद झाला. गाठ तेवढीच होती. डॉक्टरांनी पोस्टमनला घरी पाठवलं.

मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी पुढे प्रोग्राम लिहील. तेव्हा काम फसलं तर काय करायचं, तेही लिहा आणि एकदा मुद्दाम फसवून पाहा. वहिनी आता दर सोमवारी तेच करतात. त्या जाणूनबुजून बिघाड करतात, मी धावते, घेतलेलं सगळं परत करते. वहिनी पडद्यावर नजर टाकतात आणि म्हणतात, "चला, आवरलं."