झाकलेली खोड

तलावाच्या पाळीवर सकाळची मासळी निवडता निवडता रीता पोट धरून खाली बसली. चिमूरकडच्या या गावात ती याच उन्हाळ्यात सून म्हणून आली होती.

"काऊन वो, काय झालं?" सासू इंदुताईंनी विचारलं.

"लघवीले लय जळजळ होते. ताप बी हाये."

इंदुताईंनी टोपली शेजारणीकडे दिली आणि सुनेला ऑटोत घालून तालुक्याच्या एका खासगी दवाखान्यात नेलं. सून कण्हली की तिला कामचोर ठरवणाऱ्या सासवा गावात पुष्कळ होत्या. इंदुताई तशा नव्हत्या, हे सांगितलंच पाहिजे.

"कोणत्या औषधाची रिॲक्शन येते का?" डॉक्टरांनी विचारलं. विचारलं खरं, पण कागदावरून नजर न काढता, आणि तेही सासूला.

"नाई साहेब. पारखून आणली सून, लोखंडावानी हाये," इंदुताई अभिमानाने म्हणाल्या. रीताने तोंड उघडलं आणि मिटलं.

लग्नाआधी सल्फाच्या गोळीने तिच्या तोंडात फोड आले होते, कमरेवर काळे डाग उठले होते. ही गोळी पुन्हा कधीही नको, प्रत्येक दवाखान्यात सांगायचं, असं माहेरच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. तिच्या आईने, सुकरीबाईंनी, घरी येताना वेगळंच बजावलं. "सासरी सांगजो नोको. काळे डाग म्हटलं का लोक महारोगच म्हणते. तुह्या मागं धाकटी दिव्यानी हाये लग्नाची." आपल्याकडे मुलगी पाहतात ती बैल पाहावा तशी, दात, चाल, कातडी. मग आईबापही म्हणतात, झाकली मूठ सव्वा लाखाची.

डॉक्टरांनी सल्फाच लिहून दिलं. पहिली गोळी रीताने ओळखली नाही. दुपारी ओठ चरचरू लागले तेव्हा ओळखली. न्हाणीमागे जाऊन तिने आईला फोन लावला.

"आई, तीच गोळी हाये."

"थुकून टाकत जा. पण बोलू नोको. दिव्यानीले पाहाले येऊन राह्यले."

थुंकणार कुठे? इंदुताई पाण्याचा गिलास घेऊन समोर उभ्या. "कोर्स पुरा करा लागते, पोरी. गिळ." रीताने गिळली. संध्याकाळी पुन्हा गिळली.

डोळे लाल झाले, अंगभर फोड आले. इंदुताई म्हणाल्या, देवी निघाली. अंथरुणाखाली कडुनिंबाचा पाला आला. देवीसाठी पाला आणि तापासाठी गोळी, दोन्ही चालू राहिलं. नवऱ्याने, अमरने, तिला कुशीवर वळवलं तेव्हा पाठीची कातडी चादरीला चिकटून आली. तो ओरडत गाडी शोधायला धावला.

चंद्रपूरच्या दवाखान्यात डॉक्टरीण बाईंनी विचारलं, "आधी कधी असं झालं होतं? कोणत्या औषधाने? लवकर सांगा."

सुकरीबाई दिव्यानीला घेऊन पोचल्या होत्या. त्यांनी खाटेकडे पाहिलं, मग विहिणीकडे पाहिलं. "नाई जी," त्या म्हणाल्या.

पोटची पोर समोर सोलली जात असताना हे शब्द आईच्या तोंडून निघाले. मला त्या बाईची चीड येते, आणि तिला हे शिकवणाऱ्या आपल्या सगळ्यांची जास्त येते.

"खोटं हाये!" धाकटी दिव्यानी किंचाळली. "सल्फाच्या गोळीनं झालं होतं. आताबी तेच देऊन राह्यले!"

गोळी बंद झाली. फार उशीर झाला होता. रीता दोन दिवस तडफडली आणि गेली.

व्हरांड्यात इंदुताईंनी विहिणीचा दंड धरला. "मले सांगितलं असतं तं म्या तिले गिळाले लावली असती का वो?"

"सांगितलं असतं तं सून केली असती का?" सुकरीबाईंनी विचारलं.

इंदुताईंनी दंड सोडला. त्यांना उत्तर ठाऊक होतं.

सुतक फिटल्यावर दिव्यानीला पाहायला पाहुणे आलेच. पोहे समोर ठेवून ती तिथेच बसली आणि कुणी काही विचारायच्या आत बोलली. "माह्या बहिणीले सल्फाची गोळी चालत नव्हती. आमी लपवलं, म्हणून ते मेली. मले चालते का नाई, मालूम नाई. दवाखान्यात इचारीन, अन् सासरी सगळ्याइले सांगीन."

पोहे तसेच टाकून पाहुणे उठले.

"आता तुले कोण करन वो?" सुकरीबाईंनी कपाळ बडवलं.

"नोको करू दे कोणी," दिव्यानी म्हणाली. "मले जगायचं हाये, आई."