न्हाणीघराच्या दारातली चप्पल

या, आत या. नळाला हात लावा, माझ्या पोटाला हात लावा, आज काही होणार नाही. माझ्या तारा सोडवून ठेवल्यात. पण हेच तुम्ही पंधरवड्यापूर्वी आला असता, तर मी ओरडलो असतो, 'बाबांनो, आधी पायात चप्पल घाला!' ओरडता येत नाही, हेच तर माझं दुखणं. मी पुंडलिकनगरातल्या काकासाहेबांच्या घरचा गिझर. मला ठेवायचं की काढायचं, ते उद्या वायरमन बद्रीनाथ येऊन सांगणार आहे. जीव थाऱ्यावर नाही, म्हणून तुमच्याशी बोलत बसलोय.

माझा जन्म कारखान्यातला. पत्रा वाकवला, आत कॉईल बसवली, पांढरा रंग दिला आणि खोक्यात घातलं, एवढंच आठवतं. खरा जन्म झाला तो या भिंतीवर. काकासाहेब मूळचे पाचोडकडचे. शेती भावाकडं, स्वतः शहरात नोकरीला. मला टांगलं त्या दिवशी त्यांच्या मंडळींनी, पारूबाईंनी, मला हळदीकुंकू लावलं.

"अगं, मशीन हाय ते, देव नाय," काकासाहेब म्हणाले.

"ऊन पाणी देतंय ना? मग देवच की!"

मी तर फुगूनच गेलो.

त्यांची लेक अमृता तेव्हा कॉलेजात होती. तिची आंघोळ काही केल्या संपायची नाही, आणि बाहेरून काकासाहेब दार बडवायचे, "टाकी मोकळी करती काय?" आमच्याकडं नळाला पाणी आठवड्यानं येतं, एरवी सगळी मदार बोअरवर. ते बोअरचं पाणी लई जड. थेंब वाळला तरी फरशीवर पांढरा डाग राहतो. तोच पांढरा थर माझ्या कॉईलवर चढत गेला आणि एक दिवस तिला बारीक तडा गेला. कॉईलच्या आत राहायची ती वीज माझ्या पाण्यात, पत्र्यात, नळात उतरली.

तरी घाबरायचं कारण नव्हतं. अशी वाट चुकलेली वीज जमिनीत नेऊन सोडायला माझ्या पाठीला अर्थिंगची तार असते. अंगणातल्या खोल खड्ड्यात मीठ-कोळशात एक लोखंडी प्लेट पुरलेली असते, तिथपर्यंत ती जाते. पण काकासाहेबांनी पाण्याच्या धास्तीनं अंगणात हौद खणायला घेतला, आणि खणताना नेमकी तीच प्लेट वर आली. मजुरांनी तार तोडली आणि प्लेट बाजूला फेकली. न्हाणीघराच्या खिडकीतून मी बघत होतो हो सगळं! काकासाहेबांनी ती ठोकून पाहिली.

"जाड हाय चांगली. झाकणाला होईल," म्हणाले, आणि हौदाच्या तोंडावर ठेवून दिली. बसलीही कशी, माप घेऊन केल्यासारखी.

तिथून माझी झोप उडाली. पारूबाईंनी नळाला हात लावला की "आई गं!" करून मागं सरायच्या.

"अवं, ह्यो करंट मारतोय."

"मारत नाय, चुणचुण करतंय नुसतं. रबरी चप्पल घाल, काय होत नाय."

झालं! न्हाणीघराच्या दारात निळ्या चपलांचा जोड कायमचा येऊन बसला. पाहुण्याच्या हातात टॉवेल देताना काकासाहेब बजावणार, "चप्पल घालून जावा बरं का." पाहुणे हसायचे. मला कुठलं हसू? रोज सकाळी बटण दाबलं की एकच धसका, आज कुणी विसरलं तर? ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून कुणी नळ धरला तर? माणसांना सवय काय हो, कशाचीही होते. मला मात्र होईना.

अशात अमृता पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. दवाखान्यातून बाळ घरी आलं आणि पारूबाईंनी पहिली आंघोळ घालायचा घाट घातला. काकासाहेबांनी हौसेनं माझं बटण दाबलं. पारूबाईंनी चप्पल दारातच काढली, साडी गुडघ्यापर्यंत खोचली आणि पाय लांब सोडून ओल्या फरशीवर बसल्या. तेल लावलेलं ते एवढंसं लेकरू अमृतानं त्यांच्या पायांवर ठेवलं. पाणी काढायला पारूबाईंचा हात नळाकडं निघाला. मी सगळ्या देवांना हाका मारत होतो.

"थांब!" दारातून काकासाहेब ओरडले. "चप्पल घाल आधी."

"खुळे का काय? चप्पल घालून लेकराला न्हाऊ घालतेत व्हय?"

"आन करंट मारला तर?"

पारूबाईंचा हात थांबला. त्यांनी बाळाचा तळवा चिमटीत धरून वर केला. "मला घालाल चप्पल. ह्याच्या मापाची कुठून आणताल?"

काकासाहेब त्या तळव्याकडं बघतच राहिले. मग धावत जाऊन त्यांनी घराचा मेन स्विचच पाडला.

अमृतानं बाळाला उचलून छातीशी धरलं. "पप्पा, इतकी वर्षं आम्ही ह्याच्याखाली उभं राहायचो? चपलेच्या भरवशावर?" ती रडायलाच लागली.

"चुकलं माझं, बाई. लई चुकलं."

बाळाचं पाणी गॅसवर तापलं. काकासाहेबांनी माझ्या तारा सोडवल्या आणि अर्थिंगची हिरवी तार धरत धरत ते अंगणात गेले. भिंतीशी ती तुटून लोंबत होती, वर फरशी पुसायचं फडकं वाळत होतं. तिथून त्यांची नजर हौदाकडं गेली. त्यांनी झाकण उलटं केलं. तुटक्या तारेचा तुकडा अजून त्याच्या नटाला अडकलेला होता.

दुसऱ्याच दिवशी माणसं लावून नवा खड्डा घेतला. बद्रीनाथनं प्लेट पुरली, तार जोडली आणि सांगितलं, "खड्डा ओला ठेवा, नायतर करंट जमिनीत उतरायचा नाय."

"घरात पुरंना पाणी, खड्ड्याला कुठून घालू?" काकासाहेबांनी कपाळाला हात लावला.

तोड पारूबाईंनी काढली. आता त्या बाळाला मोठ्या टपात न्हाऊ घालतात, आणि ते तेलकट, कोमट पाणी रोज सकाळी त्या खड्ड्यात ओततात. खिडकीतून मी बघतो आणि मला हेवा वाटतो. ते पाणी मी तापवायला हवं होतं.

कॉईल बदलून माझं भागेल, की पत्राच सडलाय, ते उद्या कळेल. ठेवलं तर आनंदानं राबेन. काढलं तरी रुसणार नाही. पण माझ्या जागी जो येईल, त्यानं कधी चुणचुण केली तर चप्पल शोधू नका रे, बटण बंद करा.

निळी चप्पल दारातून गेलीय. तिथली फरशी आता मोकळी आहे. एक दिवस हे लेकरू तिथून अनवाणी दुडदुडत आत येईल आणि नळाला लोंबकळेल. तेव्हा कुणी ओरडू नये. लोंबकळू द्यावं त्याला.